ग्लाइड की स्पिन? माझ्या गोळाफेकपटूंसाठी मी कसं ठरवलं

शाळेतल्या मुलांना गोळाफेक शिकवायला लागलो तेव्हा तंत्र निवडावं लागतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी स्वतः ग्लाइडने फेकायचो. सर्कलच्या, म्हणजे ज्या वर्तुळातून गोळा फेकतात त्याच्या, मागच्या कडेला पाठमोरं उभं राहायचं, उजव्या पायावर बसायचं, डावा पाय स्टॉप बोर्डाकडे (वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या अडसराकडे) झटक्यात सोडायचा आणि उजवा पाय अंगाखाली ओढून घेत सरकत पुढे यायचं. मला जे शिकवलं होतं तेच मी पुढे दिलं. पहिल्या वर्षी सहाही जणांना ग्लाइड. उंच, बुटकी, दणकट, काटक, सगळी एकाच रांगेत.

त्या वर्षी वहीत मी फक्त पूर्ण फेकीचे आकडे लिहिले. दुसऱ्या वर्षी शेजारी आणखी एक रकाना आखला आणि त्यात जागेवरून केलेल्या फेकीचा, म्हणजे स्टँडिंग थ्रोचा आकडा लिहायला लागलो. माझ्या सगळ्या निर्णयांचं मूळ त्या एका रकान्यात आहे. तीन किलोचा गोळा टाकणारी एक उंच मुलगी जागेवरून 8.60 मीटर टाकत होती आणि ग्लाइडने 9.90. सव्वा मीटरहून जास्त फायदा, उत्तम. पाच किलोचा गोळा टाकणारा एक मुलगा मात्र जागेवरून 9.80 टाकत होता आणि ग्लाइडने 9.95. सर्कलचा व्यास 2.135 मीटर. तो अख्खा वापरून त्याच्या पदरात पडत होते 15 सेंटिमीटर.

आधी मला वाटलं, ताकद कमी पडत असेल. पण ताकद कमी असती तर जागेवरूनही गोळा गेला नसता. मग त्याच्या बुटाच्या तळाला खडूची पूड फासली आणि त्याला पाच वेळा ग्लाइड करायला लावलं. पाय जमिनीलगत सरकला की मागच्या कडेपासून मध्यापर्यंत पांढरा फराटा उमटतो. त्याच्या पाचही खेपांना फराटा नव्हताच. मागे एक ठसा, मध्यावर एक ठसा, आणि मधली जमीन कोरी. तो सरकत नव्हता, उडी मारत होता. वर जाऊन खाली येताना त्याचा उजवा गुडघा दबायचा आणि मागून आणलेला वेग तिथेच संपायचा. तोवर खांदेही उघडलेले असायचे. म्हणजे पॉवर पोझिशनला, गोळा ढकलण्याआधीच्या शेवटच्या पवित्र्याला, तो यायचा तेव्हा तिथून ढकलायला काही उरलेलं नसायचं.

सहा आठवडे आम्ही ती उडी मोडण्यावर घालवले. आकडा 10.10 च्या पुढे हलला नाही. पण हाच मुलगा थाळीफेकही करायचा, आणि थाळी फेकताना त्याचं गिरकी घेणं बघत राहावं असं होतं. डाव्या पायाच्या चवड्यावर तो असा फिरायचा की डोकं तसूभरही वरखाली होत नसे. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की या मुलाला सरळ रेषेत कोंबण्यात माझंच चुकतंय.

मग मी वाचायला बसलो आणि जुन्या फेकी पुन्हा पुन्हा पाहिल्या. पाठमोरं सुरू करून सरकत येण्याची पद्धत पॅरी ओब्रायनने 1950 च्या दशकात रूढ केली. 1952 आणि 1956 ची ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याने त्यावर जिंकली. फिरून फेकण्याची, म्हणजे स्पिनची पद्धत सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र बारिश्निकोव्हने 1976 मध्ये 22.00 मीटरच्या विश्वविक्रमापर्यंत नेली. पण मला खरा धीर दिला तो पुढच्या दोन आकड्यांनी. 1988 मध्ये उल्फ टिमरमानने ग्लाइडने 23.06 मीटर टाकला, आणि 1990 मध्ये रँडी बार्न्सने स्पिनने 23.12. जगातल्या सर्वोत्तम फेकींत तेव्हा या दोन तंत्रांमधलं अंतर अवघं सहा सेंटिमीटर होतं. रायन क्राउझरने 2023 मध्ये स्पिननेच 23.56 टाकला, आणि आज पुरुषांत बहुतेक आघाडीचे खेळाडू फिरूनच फेकतात हे खरं. तरी डेव्हिड स्टॉर्लने 2011 आणि 2013 ची जागतिक अजिंक्यपदं ग्लाइडनेच मिळवली, आणि महिलांत गाँग लिजियाओचं टोकियो ऑलिंपिकमधलं सुवर्णही ग्लाइडचंच. तंत्र कुणाला आपोआप लांब नेत नाही, एवढं मला पटलं. माझ्या मुलाच्या बाबतीत प्रश्न सोपा होता: त्याला मध्यावर वेगासकट कोणतं तंत्र पोहोचवतं?

स्पिनचे पहिले दोन महिने फार अवघड गेले. सुरुवातीला गोळा हातात दिलाच नाही. डाव्या पायावर पाव गिरकी, मग अर्धी, मग साउथ आफ्रिकन नावाचा सराव: सर्कलच्या मागच्या कडेवरून फेकीच्या दिशेला तोंड करून डावा पाय आत टाकायचा, उजवा पाय बाहेरून घेरत मध्यावर आणायचा आणि तिथून फेक. पूर्ण गिरकीत जो तोल सुरुवातीलाच जातो, तो यात सांभाळता येतो. नंतर गोळा आला आणि नवीन अडचण उभी राहिली. फिरताना गोळा मानेपासून सुटून बाहेर जायला बघतो. ग्लाइडमध्ये जबड्याखाली नुसता टेकवलेला गोळा चालून जातो; स्पिनमध्ये तो थोडा मागे, कानाच्या पाळीखाली घट्ट दाबून धरावा लागतो आणि कोपर वर ठेवावं लागतं. कोपर खाली आलं की गोळा मान सोडतो, आणि हात गळ्याजवळून खाली आला की फेक बाद.

पहिल्या महिन्यात तो 8.50 च्या आसपास टाकत होता. सहापैकी चार फेकी फाउल. कधी बोर्डावर पाय, कधी गिरकी जास्त होऊन गोळा सेक्टरच्या (गोळा जिथे पडायला हवा त्या आखलेल्या भागाच्या) डावीकडे बाहेर. (स्पिन शिकवताना बाकीची मुलं मी सर्कलच्या बरीच मागे उभी करतो. यात सवलत नाही.) त्याचा चेहरा पडलेला बघून मलाही झोप लागत नसे. आपण याचं वर्ष वाया घालवतोय का, ही शंका रोज यायची. फाउल घटवण्यासाठी आम्ही मागचा वेग मुद्दाम कमी केला. मागे सावकाश, मध्यावर जलद. स्पिनमध्ये घाई सर्वांत जास्त मागच्या कडेलाच होते आणि तिथला गेलेला तोल पुढे कुणालाच सावरता येत नाही. अकराव्या आठवड्यात त्याने 10.60 टाकला. जागेवरून तेव्हाही 9.90 च होता.

त्या आनंदात मी चूक केली. उंच मुलीलाही स्पिनवर आणलं. तिची मागणी नव्हती. मलाच वाटलं, एकाला जमलं तर हिलाही जमेल, आणि हिची उंची बघता ही आणखी लांब जाईल. तिच्या ग्लाइडला सव्वा मीटरचा फायदा मिळत होता हे माझ्याच वहीत लिहिलेलं असताना मी ते केलं, आणि तेही स्पर्धा सात आठवड्यांवर आलेली असताना. तिचे लांब पाय त्या सर्कलमध्ये मावत नव्हते. उजवा पाय मध्याच्या पुढे पडायचा, डाव्याला जागाच उरायची नाही आणि ती बोर्डावर अडकून उभीच फेकायची. स्पर्धेत तीनच फेकी मिळणार होत्या. तिने दोन फाउल केल्या आणि तिसरी भीतभीत 8.90 टाकली, ग्लाइडपेक्षा पूर्ण एक मीटर कमी. ती काहीच बोलली नाही, बूट पिशवीत भरले आणि बाजूला जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं की यात तुझी काही चूक नव्हती, निर्णय माझा होता आणि तो चुकला. ग्लाइडवर परत यायला तिला महिना लागला. तेव्हा आम्ही तिचं सरकणं थोडं आखूड केलं आणि शेवटच्या उभ्या राहण्यातलं दोन पायांमधलं अंतर वाढवलं, म्हणजे उंचीचा उपयोग फेकताना होईल. पुढच्या हंगामात ती 10.45 ला पोहोचली.

तेव्हापासून नवीन मुलांना मी पहिले दोन महिने कुठलंच तंत्र देत नाही. जागेवरून फेक, आणि पॉवर पोझिशन डोळे मिटून घेता येईल इतकी पक्की. दोन्ही तंत्रं शेवटी तिथेच येऊन मिळतात, त्यामुळे हा वेळ कुठेच वाया जात नाही. नंतर सगळ्यांना ग्लाइड, कारण तो लवकर बसतो आणि तीन फेकींच्या स्पर्धेत किमान दोन मोजल्या जातील याची खात्री देतो. आठ-दहा आठवड्यांनी दोन रकान्यांमधला फरक बघतो. मीटरभर असेल तर त्या मुलाला हात लावत नाही. अर्ध्या मीटरच्या आत असेल तर आधी खडू लावून पायाची चूक शोधतो. ती सुटत नसेल, मूल डाव्या पायावर स्थिर फिरत असेल आणि हंगाम संपलेला असेल, तरच स्पिनचा विषय काढतो. उंची-वजन बघून ठरवणं मी सोडून दिलं. सरावाची जमीन मात्र बघतो. मातीत पाय रुततो, गिरकी तिथे शिकवताच येत नाही. सिमेंटचं सर्कल आणि गुळगुळीत तळाचे बूट नसतील तर ग्लाइडच बरा.

थाळीफेक करणारा तो मुलगा शाळेतल्या शेवटच्या स्पर्धेत उतरला तेव्हा पहिली फेक फाउल गेली. दुसरी आम्ही ठरवल्याप्रमाणे तीन-चतुर्थांश वेगाने, 10.70. तिसरीला तो सर्कलमध्ये शिरला, मागच्या कडेला उभा राहून दोनदा पाय डोलवले आणि अगदी सावकाश फिरायला लागला. मध्यावर उजवा पाय पडल्याचा आवाज मला कठड्याबाहेर ऐकू आला, आणि लगेच डाव्याचा. 11.38. तो फीत मोजणाऱ्यांकडे न बघता आधी माझ्याकडे वळला, आणि सर्कलच्या मागच्या अर्ध्यातून नीट बाहेर पडला.