नाशकात बसून हिमनदीचा तळ गाठताना

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी विषय मागितला: मऊ गाळावर टेकलेल्या हिमनद्यांखालून पाणी कसं वाहतं. "अगं, गोदावरी दाराशी असताना?" एवढंच सरांनी विचारलं आणि सही केली. बर्फापर्यंत जाणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे सगळी मदार वाचनावर आणि वहीतल्या आकडेमोडीवर.

खडकाळ तळाचा भाग लवकर उमगला. वाहत्या पाण्याच्या घर्षणाची उष्णता बर्फात बोगदा वितळवते, वरचं वजन तो बुजवत राहतं. बोगदा जितका मोठा तितका आतला दाब कमी, म्हणून तो शेजारच्या लहान बोगद्यांचं पाणी ओढून घेतो. हिमनदीतज्ज्ञ रॉथलिसबर्गर यांनी 1972 साली हे गणितात मांडलं.

गाळ आला आणि गाडं अडलं. वाट सापडली ती सिव्हिलला असलेल्या भावाच्या मृदा यामिकीच्या, म्हणजे माती भार कसा पेलते याच्या, पुस्तकात. वरच्या वजनाच्या दाबातून मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वजा केला की जे उरतं, त्यावर मातीची ताकद ठरते. दिंडोरीकडच्या काळ्या रानात पाऊस मुरल्यावर ट्रॅक्टर रुततो, तसंच. एक किलोमीटर जाड बर्फाचा दाब सुमारे 9000 किलोपास्कल. पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स हिमप्रवाहातून (हिमचादरीतला वेगानं सरकणारा बर्फाचा पट्टा) हिमनदीतज्ज्ञ कॅम्ब यांनी तळापर्यंत छिद्रं पाडली, तेव्हा पाण्याचा दाब जवळजवळ बर्फाच्या वजनाइतकाच निघाला आणि गाळाची ताकद अवघी 2 किलोपास्कल! एवढ्या दुबळ्या चिखलावर तो प्रवाह वर्षाला काहीशे मीटर सरकतो.

अशा मऊ गाळावर पाणी वाट कशी काढतं, हे पुढचं कोडं वॉल्डर आणि फाउलर यांच्या 1994 च्या शोधनिबंधानं सोडवलं. माझ्या मते या विषयाचा गाभा तोच. गाळावर पाणी तळ खरवडून रुंद, उथळ चर पाडतं आणि बाजूचा गाळ आत सरकून ते बुजवू पाहतो. इथं प्रवाह वाढला की दाब उतरण्याऐवजी चढतो. मग एक चर दुसऱ्याचं पाणी पळवत नाही, अनेक चर शेजारी-शेजारी टिकतात आणि बर्फाखालची निसरड कायम राहते.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी नेमकं विचारलं, "हे हिमालयात लावाल का?" मी नाही म्हणाले. तीव्र उतारावर गाळ असला तरी बर्फातले बोगदेच वरचढ ठरतात, असं तेच गणित सांगतं; चर हे मंद उताराच्या हिमचादरींखालचे. हिमाचलातल्या लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीला व्हिलन्सचे आकडे चिकटवणं मला पटत नाही. उताराचं प्रकरण वाढवा, असं त्यांनी सुचवलं. अंतिम प्रतीत ते सगळ्यात मोठं प्रकरण झालं.