दुखत नाही म्हणून सोडून दिलेली गाठ

मांडीतली किंवा दंडातली गाठ दाखवायला आलेला पेशंट टेबलावर झोपता झोपताच म्हणतो, "मॅडम, दुखत नाही हो, चरबीचीच असेल." बहुतेक वेळा असतेही. पण स्नायू, चरबी अशा मऊ भागांतले कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, सुरुवातीला सहसा दुखत नाहीत. मोठ्यांच्या एकूण कॅन्सरमध्ये ते जेमतेम १ टक्का, त्यामुळे कुणाच्या मनातही येत नाहीत. म्हणून मी दुखण्याचं विचारतच बसत नाही. वाढतेय का, ५ सेंटिमीटरच्या वर गेलीय का, स्नायूच्या आवरणाखाली खोल आहे का, हे बघते.

ठाण्यात आमच्या सेंटरवर कळव्याचा एक तरुण रिक्षावाला आला होता. गुडघ्यामागे गाठ, आधीच्या रिपोर्टात 'बेकर्स सिस्ट', म्हणजे सांध्यातल्या पाण्याने भरलेली पिशवी. सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर पडद्यावर खरंच पाण्यासारखी काळी दिसत होती. पण बेकर्स सिस्टची मान दोन स्नायूंमधून सांध्याकडे जाते, ती काही केल्या सापडेना. वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉपलर लावला आणि गाठीच्या मधोमध लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. पाण्याच्या पिशवीत रक्तवाहिनी कुठून येणार?

एमआरआयच्या चिठ्ठीवर 'कॉन्ट्रास्टसह', म्हणजे शिरेतून चित्र उजळवणारं औषध देऊन, असं ठळक लिहिलं. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं, आणि काही सार्कोमाही तितकेच पांढरे दिसतात. कॉन्ट्रास्ट दिला की सिस्टची फक्त कड उजळते, ट्यूमर आतून उजळतो. त्याची आतून उजळली.

नाव मात्र बायोप्सीनेच, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्यावरच, ठरलं: सायनोव्हियल सार्कोमा. तरुणांत होतो, कधी कधी वर्षानुवर्षं सावकाश वाढतो, म्हणून तर फसवतो. ही सुई एमआरआय झाल्यावरच घालायची, नाहीतर आतल्या रक्तस्रावाने चित्र बिघडतं. ती कुठून घालायची, हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारूनच ठरवावं, कारण तो मार्गही गाठीबरोबर काढावा लागू शकतो. "छोटीशी आहे, काढून टाकू" म्हणत तपासणीआधीच कापलेली गाठ घेऊन कुणी आलं, की माझा जीव तुटतो. पेशी आजूबाजूला सांडलेल्या असतात, आणि पुढचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं होतं.

त्याला परळला टाटा मेमोरियलला पाठवलं. फुप्फुसांचा सीटी स्वच्छ आला. सार्कोमा पसरला तर बहुधा आधी तिथेच जातो, म्हणून तो करायचाच.

आणि एक कळकळीची विनंती. दुसरीकडे दाखवायला जाताना नुसता रिपोर्टाचा कागद नेऊ नका, एमआरआयची सीडीही न्या. पुढच्या डॉक्टरला चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असतात.