घोरण्याचं ऑपरेशन करण्याआधी

झोपेत श्वास कसा चालतो ते मोजणाऱ्या तपासणीत, म्हणजे स्लीप स्टडीत, माझा एएचआय ३८ आला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत नाहीतर अडखळत होता. ३० च्या पुढे गेलं की गंभीर धरतात. मास्कमधून दाबाने हवा सोडून झोपेत घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आणलं, पण नाकाचा पडदा वाकडा असल्यामुळे हवेचा दाब सोसवेना. मध्यरात्री कधीतरी मास्क भिरकावलेला असायचा. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, ऑपरेशनचं विचारा ना एकदा."

टॉन्सिल चांगलेच मोठे होते, तरी ईएनटी सर्जननी लगेच तारीख दिली नाही. आधी 'डाइस' करू म्हणाले. शिरेतून औषध देऊन झोपवायचं आणि माणूस घोरायला लागला की नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा नेमका कुठे मिटतोय ते बघायचं. नंतर मला व्हिडिओ दाखवला. मागची मऊ टाळू आणि दोन्ही टॉन्सिल येऊन एकमेकांना चिकटत होते, मध्ये फट म्हणून नाही. स्वतःचा गळा असा आवळला जाताना बघून घाम फुटला. जिभेचं मूळ मात्र जागेवर होतं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. तेच मागे पडत असतं, तर नुसतं टाळूचं ऑपरेशन करून भागलं नसतं. मग दोन्ही जबडे कापून सेंटिमीटरभर पुढे आणायचं ऑपरेशन खूप परिणामकारक, पण त्यात प्लेट-स्क्रू आले, चेहराही थोडा बदलतो. जिभेच्या नसेला चालना देणारं यंत्र छातीत बसवतात, त्याला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. माझ्या बाबतीत दोन्हींची गरज नव्हती.

नाकाचा पडदा सरळ केला, टॉन्सिल काढले, टाळूच्या बाजूचे स्नायू फिरवून टाके घातले. पडजीभ सरसकट कापून टाकायची जुनी पद्धत आता मागे पडली आहे, हे ऐकून बरं वाटलं.

त्याआधी विमावाल्यांचा प्रश्न आलाच: घोरण्यावर उपचार कशाला? स्लीप स्टडीचा रिपोर्ट जोडल्यावर गप्प बसले.

दुखणं मात्र कोणी कमी लेखू नये. आवंढा गिळला की कळ थेट कानात. पाणी घाईत प्यायलं तर नाकातून बाहेर. गार पेज, ताक-भात आणि वेळेवर पेनकिलर यावर दिवस काढले. पहिल्या आठवड्यानंतरही रक्त येऊ शकतं, म्हणून गावाला जायचं नाही अशी तंबी होती.

काही महिन्यांनी पुन्हा स्टडी केली. आकडा ११, म्हणजे सौम्य. आता कुशीवर झोपतो, वजन उतरवतोय. मशीन विकायला काढलं होतं, पण डॉक्टर म्हणाले राहू द्या. वजन वाढलं तर लागेल, आणि आता नाक मोकळं झाल्यामुळे सोसेलही.