शेगडी पाहून भांडे

गॅसच्या शेगडीशेजारी इंडक्शनची शेगडी येऊन बसली की मांडणीवरच्या भांड्यांचे आपोआप दोन तट पडतात. कौतुकाने कल्हई करून घेतलेली पितळी पातेली आणि रोजच्या भाताचे हिंडालियमचे भांडे एका बाजूला राहते, तर बिडाचा जड, काळाकुट्ट तवा दुसऱ्या बाजूला मानाने जाऊन बसतो. गॅसची ज्योत भांड्याला बाहेरून तापवते, त्यामुळे तिला धातूची जात विचारावी लागत नाही. इंडक्शनमध्ये मात्र काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला 20 हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन ते स्वतः तापते. कोल्हापुरात तरी याचे फार नवल वाटायला नको. इथल्या फौंड्र्यांतल्या इंडक्शन भट्ट्यांत याच तत्त्वावर लोखंडाचा रस होतो.

म्हणून महाद्वार रोडला भांडी घ्यायला जाताना फ्रिजच्या दारावरचे चुंबक सोबत न्यावे. दुकानदाराला ते अविश्वासाचे वाटले तरी चालेल. चुंबक बुडाला घट्ट चिकटले तर भांडे इंडक्शनवर चालेल, रेंगाळत चिकटले तर शेगडी नुसती कुरकुरेल. गंमत अशी, की 304 जातीचे उत्तम आणि महाग स्टील सहसा चुंबकाला दाद देत नाही, उलट स्वस्त असलेले 430 जातीचे स्टील लगेच चिकटते. ट्राय-प्लायच्या भांड्यात यावर तोड काढलेली असते : आत 304, बाहेर 430 आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा थर. हा मधला थरच खरा कामाचा, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या सुमारे 15 पट चांगले उष्णतावाहक आहे. नुसत्या पातळ स्टीलच्या पातेल्यात वाटप परतायला घेतले, तर ते मधोमध करपते आणि कडेला कच्चेच राहते.

पांढऱ्या रश्श्यापुरते बोलायचे, तर भांड्याच्या बाबतीत कंजुषी करूच नये. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचे दूध पडल्यावर त्याला खळखळून उकळी आली की ते फुटते, आणि एकदा फुटलेला रस्सा कितीही ढवळला तरी सावरत नाही. गॅसवर बर्नर अगदी बारीक करून हे सांभाळता येते. पुष्कळ इंडक्शन शेगड्या मात्र मंद आच देतात म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण जोराने चालू होतात आणि बंद पडतात, पुन्हा चालू होतात, पुन्हा बंद पडतात. पातळ बुडाच्या पातेल्यात हा प्रत्येक झटका थेट रश्श्याला जाणवतो आणि मधूनच बुडबुडे उसळतात. जाड बूड तो झटका पोटात घेते आणि रस्सा नुसता वाफाळत राहतो. तांबडा रस्सा त्या मानाने सोशिक असतो, त्याला कोणतेही जाड पातेले चालते.

भाकरीच्या बाबतीत मात्र मी गॅसच्या बाजूचा आहे. बिडाचा तवा इंडक्शनवर तापतो, पण वेटोळ्याच्या आकाराप्रमाणे त्याच्यावर उष्णतेचे कडे उमटते. भाकरीला पाण्याचा हात फिरवून ती उलटली, की त्या कड्यावर तांबूस डाग पडलेले दिसतात आणि मधला भाग पांढराच राहतो. तवा मंद आचेवर बराच वेळ आधी तापवला तर हा दोष पुष्कळ कमी होतो. शिवाय थंड बिडाला एकदम पूर्ण आच दिल्यास ते तडकण्याची भीती असते, तीही टळते. तव्यावर फडक्याने दाबून भाकरी फुगवता येते, नाही असे नाही. पण ज्योतीवर धरलेल्या भाकरीचा पापुद्रा ज्या टेचात सुटतो, तो काचेच्या सपाट शेगडीवर कुठून आणायचा?

बाकी हिशेब सोपा आहे. इंडक्शनला सपाट बूड लागते, त्यामुळे गोल बुडाची लोखंडी कढई गॅसवरच ठेवावी, आणि आमसूल घातलेली आमटी तिच्यात करू नये, ती काळी पडते. एका कपाचा चहा करण्याचे इवलेसे पातेले बऱ्याच इंडक्शन शेगड्या ओळखतच नाहीत. आणि दुकानात ‘सेट’ म्हणून जे खोके पुढे केले जाते, ते निर्धाराने परत करावे. त्यातली निम्मी भांडी फळीवरून खाली येत नाहीत. त्याच पैशांत बिडाचा एक तवा आणि ट्राय-प्लायचे एक मोठे पातेले सुटे घ्यावे. झाकण नीट बसते की नाही, एवढे मात्र दुकानातच पाहून घ्यावे.