रात्रीतून उतरणारा काटा

जुन्या डिझेल बसच्या चासीवर बांधलेल्या मोटरहोममध्ये ब्रेक, हँडब्रेक, मागचे एअर सस्पेन्शन आणि आमच्या गाडीत तर दरवाजासुद्धा एकाच कंप्रेसरच्या हवेवर चालतो. त्यामुळे सकाळी प्रेशरचा काटा खाली आलेला दिसला की ट्रान्सपोर्ट नगरात जाऊन दिसेल तो नट आवळून घेण्याची घाई होते. माझे ठाम मत असे, की पाना हातात घेण्याआधी गळती कोणत्या सर्किटमध्ये, म्हणजे हवेच्या कोणत्या मार्गात, आहे हे ठरवले, तर निम्मे काम तिथेच होते.

इंदुरात त्याआधी हवामानाचाही हिशेब करावा लागतो. उन्हाळ्यात संध्याकाळी 40 अंशांवर असलेली टाकी माळव्यातल्या पहाटे 25 अंशांवर आली, तर 8 बारवरचा काटा हवा अजिबात न गळताही सुमारे 0.4 बार उतरतो. म्हणून मी रात्रीच्या घसरणीवर विसंबत नाही. सपाट जागी चाकांखाली लाकडी ठोकळे लावून प्रेशर पूर्ण भरावे, टाक्या निवू द्याव्यात, इंजिन बंद ठेवून पुढच्या आणि मागच्या ब्रेकचे दोन्ही काटे पाहावेत. मग हँडब्रेक लावून, सोडून आणि शेवटी कोणाला तरी पायडल दाबून धरायला सांगून तेच पुन्हा पाहावे. फक्त पायडल दाबून धरल्यावर काटा पडत राहत असेल, तर टाकीजवळचे जोड तपासण्यात वेळ घालवू नये. ब्रेक चेंबरकडे (चाकाजवळच्या, हवेने ब्रेक दाबणाऱ्या डब्याकडे) जाणारे होज आणि चेंबरचे डायफ्राम, म्हणजे आतले रबरी पडदे, आधी पाहावेत.

व्हॉल्व्हवर कोरलेले आकडे इथे फार उपयोगी पडतात. 1 म्हणजे हवा येण्याचे तोंड, 2 पुढे जाण्याचे, 3 बाहेर सोडण्याचे आणि 4 नियंत्रणाचे. 3 क्रमांकातून सतत फुसफुस येत असेल, तर दोष त्याच व्हॉल्व्हचा असतो असे नाही. हँडब्रेक सोडल्यावर सर्व्हिस ब्रेकच्या (पायाच्या ब्रेकच्या) रिले व्हॉल्व्हमधून, म्हणजे चेंबरला हवा देणाऱ्या व्हॉल्व्हमधून, हवा येते आणि हँडब्रेक लावताच थांबते, तेव्हा बहुधा स्प्रिंग ब्रेक चेंबरमधले (ज्यात हँडब्रेकची स्प्रिंग हवेने दाबून धरलेली असते) आतले सील गेलेले असते आणि तिथली हवा उलटी येऊन या तोंडातून निघत असते. अशा वेळी नवा रिले व्हॉल्व्ह बसवून पैसे वाया जातात. तो चेंबर मात्र घरी कधीही उघडू नये, कारण आतली दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

बाकीचे जोड साबणाच्या पाण्याने सापडतात. त्यासाठी गाडीखाली जायचे असेल, तर बॉडीला आधी भक्कम आधार द्यावा. एअर सस्पेन्शनची हवा गेली की ती एकदम खाली बसते. नायलॉन पाइपाचा जोड गळत असेल, तर त्या सर्किटची हवा पूर्ण सोडून पाइपाचे चिरडलेले टोक कापून टाकावे. काप कटरने अगदी काटकोनात घ्यावा, कारण आरीच्या कापाला कंगोरे राहतात आणि त्याचे कण व्हॉल्व्हमध्ये शिरतात. मग पाइपाच्या आत पितळी नळी आणि बाहेर नवीन फेरूल (नटाखाली पाइपावर आवळली जाणारी धातूची कडी) घालून नट बसवावा. फेरूलच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची सवय मला मुळीच पटत नाही, कारण तिथे हवा आटे अडवत नाहीत, फेरूल अडवते. पाइप सायलेन्सरजवळून जात असेल, तर त्याचा मार्गच बदलावा.

आमच्या गाडीचे खरे दुखणे हॉर्नच्या जोडात निघाले. बॉडी बांधणाऱ्याने त्याची हवा थेट मागच्या ब्रेकच्या टाकीतून घेतली होती. चार सर्किटांच्या प्रोटेक्शन व्हॉल्व्हमध्ये 21 आणि 22 ही तोंडे ब्रेकसाठी, 23 हँडब्रेकसाठी आणि 24 इतर उपकरणांसाठी असते. एक सर्किट फुटले तरी बाकीच्यांत हवा राहावी, हाच त्याचा उद्देश. ब्रेकच्या टाकीवर हॉर्न जोडला की हॉर्नचा पाइप फुटताच मागचे ब्रेक जातात, आणि खंडवा रस्त्यावर भेरूघाट उतरताना हे व्हावे असे कोणालाही वाटणार नाही. आता हॉर्न आणि दरवाजा दोन्ही 24 वर घेतले आहेत, टाकीवरचे ते तोंड प्लगने बंद केले आहे आणि इंजिन बंद ठेवून पाहिले तर मागच्या ब्रेकचा काटा जागचा हलत नाही.