आमचा ऑक्टोबरातला रविवार

संत फ्रान्सिस असिसीकरांचा सण ४ ऑक्टोबरला. आमच्या इंदूरच्या लाल चर्चला त्यांचंच नाव आहे. सणानंतरच्या रविवारी आम्ही मराठी घरं दरवर्षी एकत्र जमतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, हिंदीतून होते, मग स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ. ते सगळीकडे असतं तसंच. माझा जीव अडकलेला असतो तो पोहे-जिलबीनंतर, सतरंज्या अंथरल्यावर.

तेव्हा आमचे गुरुजी उठतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून वर्गातलाच. १९३२ साली एस. व्ही. डी. या कॅथलिक मिशनरी संघाचे धर्मगुरू इथे आले, १९५२ साली इंदूर धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, झाला, डच धर्मगुरू फ्रान्सिस सायमन्स पहिले बिशप झाले, इथपर्यंत ते भरभर येतात. मग मुलांना विचारतात, "खंडवा कधी वेगळं झालं?" मुलं ओरडतात, "१९७७!" "आणि झाबुआ?" "२००२!" या उत्तरांसाठी माझी धाकटी आदल्या रात्री झोपत नाही.

मग गुरुजी सिस्टर रानी मारियांवर येतात. २५ फेब्रुवारी १९९५. उदयनगरहून इंदूरला येणारी बस. सावकारांच्या तावडीतून गरीब आदिवासींना सोडवणाऱ्या ४१ वर्षांच्या सिस्टरना वाटेतच भोसकून मारलं. गुरुजी हे थोडक्यात सांगतात, थांबतात ते पुढच्या गोष्टीवर. मारणारा समंदर सिंह तुरुंगात होता. २००२ मध्ये सिस्टरांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मींनी, तिथे जाऊन त्याला राखी बांधली. 'राखी' शब्द आला की गुरुजी चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, पुन्हा घालतात आणि तोच शब्द परत उच्चारतात. मी हे किती वेळा ऐकलंय, तरी घसा दाटतोच. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच सिस्टरांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा आम्ही सगळे मैदानात होतो, हे सांगताना ते आमच्याकडे बघतात.

म्हणूनच काही घरं नेमकी जेवणाच्या वेळी येतात, याचं मला फार वाईट वाटतं. ताट वाढून मिळेल, पण गुरुजी अजून किती वर्षं बोलणार?

मदतीचे हात कोणीही विसरू नयेत. फुलं लावणाऱ्या सिस्टर, रात्री बटाटे सोलणाऱ्या तिन्ही वहिनी, मोठी कढई देणारे गल्लीतले हलवाई काका, माइकवाला पोरगा, सतरंज्या झटकून परत मोजून ठेवणारे चर्चचे रखवालदार, पेटी वाजवणाऱ्या मावशी, उरलेलं अन्न दवाखान्याबाहेरच्या लोकांना नेऊन देणारी तरुण मंडळी. हो, आणि पाण्याचे जार गाडीतून आणणारे जावईबापू, त्यांचं नाव मागच्या वर्षी आभारात राहिलं होतं.

हजेरीची वही ठेवणाऱ्या काकू यंदा नाहीत. माझी आई नगरची आणि त्याही नगरच्याच, म्हणून त्या मला 'माहेरची' म्हणायच्या. शेवटची मराठी प्रार्थना त्याच म्हणत, वहीच्या मागच्या पानावर जांभळ्या शाईत लिहिलेली. यंदा ती वही त्यांच्या सुनेने आणली आणि माझ्या धाकटीच्या हातात दिली. तिने अडखळत, पण पूर्ण वाचली.