वजन खाली, खर्च बेतात : आमच्या पॉवर हॅमरची वाटचाल

पुण्यात नऱ्ह्याला असलेल्या आमच्या शेडचा मूळ धंदा गेट, ग्रिल आणि जिन्यांचा. मधूनमधून वाहनांचे भाग पुरवणाऱ्या चाकण-भोसरीच्या वेंडरांसाठी वेल्डिंग फिक्स्चर, म्हणजे वेल्ड करताना भाग जागेवर धरणारे साचे. पॉवर हॅमर, म्हणजे मोटरवर घण मारणारं यंत्र, बनवून विकायचा विचार आम्हा दोघा भावांच्या डोक्यात कधी नव्हता. २०१९ मध्ये वाहन उद्योग मंदावला, फिक्स्चरची कामं आटली, आणि पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदीच लागली. शेडचं भाडं मात्र थांबलं नाही. परत शटर उघडलं तेव्हा येईल ते काम घ्यायचं ठरवलं होतं. जे आलं ते हे.

एक निवृत्त टूलरूमवाले काका. बंगल्यामागे भट्टी लावून सुऱ्या, अडकित्ते, खुरपी घडवायचा त्यांना नाद. हात तयार, डोळा पक्का, पण ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तापवून लांबवायचा म्हटलं की खांदा साथ देईना. भाऊ म्हणाला, "काका, घण मारायला एखादा माणूस ठेवा की."

"अरे, माणूस आणू कुठून? आणि आणला तरी मला हौस रात्री साडेआठला येते, तेव्हा तो कशाला थांबेल? तूच काहीतरी ठोकणारं करून दे. फक्त पन्नास हजारांच्या वर जाऊ नकोस."

ही सगळ्याच हौशी लोहारांची अडचण आहे. लोहारकाम हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. एक जण सांडशीत लोखंड धरून छोट्या हातोडीने जागा दाखवणार, दुसरा त्या जागी घण घालणार. घिसाडी कुटुंबांत तर घण बहुतेक बाईच्या हातात असतो, रस्त्याकडेला आपण सगळ्यांनी ते पाहिलंय. हौशी माणसाकडे भट्टी असते, ऐरण असते, व्हिडिओ बघून मिळवलेली माहिती तर भरपूर असते. नसतो तो घणवाला.

यंत्राने ठोकणं नवं नाही. जेम्स नास्मिथने वाफेच्या हातोड्याचं चित्र १८३९ मध्ये काढलं आणि १८४२ मध्ये पेटंट घेतलं. आपल्या मुंढव्यात भारत फोर्ज १९६१ पासून आहे. पण ती दुनिया वेगळी. आमच्या कामाच्या जवळचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला 'लिटल जायंट'. मिनेसोटातल्या मॅन्केटो गावी मेयर बंधूंच्या कारखान्यात बनणारा हा हॅमर गावोगावच्या लोहारांकडे असे, आणि नांगराचे फाळ शेवटणं, म्हणजे झिजलेलं टोक पुन्हा घडवणं, हे त्याचं एक मोठं काम. म्हणजे मुळात हे यंत्र एकट्या लोहारासाठीच होतं. आपल्याकडे लुधियाना, बटाला, राजकोट इथे फोर्जिंग हॅमर बनतात आणि चांगले बनतात, पण ते कारखान्याच्या हिशोबाने. थ्री फेज, खोल फाउंडेशन आणि किंमत लाखांत. काकांच्या बंगल्यामागे ते कुठे मावणार?

स्वस्तात हॅमर करायचा तर पैसा नेमका कुठे घालायचा, हा खरा प्रश्न. आमचं उत्तर पहिल्या दिवसापासून एकच आहे: खाली. रॅम, म्हणजे वरून येणारं वजन, सगळ्यांच्या नजरेत भरतं. "किती किलोचा हॅमर?" हाच पहिला प्रश्न असतो. ऐरण किती किलोची, हे फारसं कोणी विचारत नाही. खालचं वजन वरच्याच्या निदान दहापट हवं, पंधरापट मिळालं तर उत्तमच. खालचं हलकं असलं की रॅमच्या दणक्यासरशी ऐरणच खाली दबते, जमीन हादरते, शेजारी येतात, आणि लाल लोखंड मात्र जेमतेम चपटं होतं. विजेचं बिल तेवढंच, काम निम्मं.

हिशोब सोपा आहे. आमचा रॅम १०० मिलिमीटर चौरस बारचा, ३०० मिलिमीटर लांब. वजन साडेतेवीस किलो. त्याला २३५ किलोची ऐरण हवी. २०० मिलिमीटर व्यासाचा भरीव राउंड, म्हणजे गोल दांडा, ९५० मिलिमीटर उंचीचा उभा केला की झालं, आणि ही उंची उभ्याने काम करायलाही बरी पडते. असा राउंड नवा घ्यायचा तर खिसा रिकामा होतो, पण भोसरीच्या भंगाराच्या बाजारात मोठ्या शाफ्टचे कापलेले तुकडे किलोवर मिळतात. तिथे ग्रेडच्या मागे लागू नये. ऐरणीच्या बुंध्याला साधं माइल्ड स्टील चालतं. कडक हवी ती वर बसणारी डाय, म्हणजे तापलेल्या लोखंडाला भिडणारा ठोकळा.

राउंड नाही मिळाला तर रेल्वेचा रूळ. ६० किलोचा रूळ म्हणजे मीटरला ६० किलो, त्यामुळे मीटरभराचे चार तुकडे उभे बांधले की २४० किलो. वर जाड प्लेट घालून चहूबाजूंनी वेल्ड करायचं. मात्र रूळ घेताना लिलावाची पावती मागा. १९६६ चा कायदा आहे, रेल्वेचा माल कागदाशिवाय जवळ सापडला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. पावती नसेल तर आम्ही तो तुकडा शेडमध्ये उतरवूनही घेत नाही.

आणखी एक सूचना वरचेवर येते, पाइपात काँक्रीट भरा म्हणून. काँक्रीटचं वजन पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि वर तो दणका पाइप आणि काँक्रीट एकजीव होऊन घेत नाहीत. काही महिन्यांत आत भुगा. ज्याला हे करायचं असेल त्याने खुशाल करावं, आमचं नाव त्यावर नको.

खाली पैसा घातला म्हणजे वर वाचवणं आलं, आणि तिथे खरी मजा आहे. आमच्या हॅमरला क्लच म्हणून गाडीचं चाक आहे. ही कल्पना आमची नाही, अमेरिकेतले हौशी लोहार टायरचे हॅमर पुष्कळ वर्षं बनवत आले आहेत. आम्ही ती पुण्याच्या भंगारात बसवली. मारुती ८०० चं बारा इंची चाक आणि त्याचं मागचं हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बेअरिंगसकट जुन्या स्पेअर पार्टवाल्यांकडे सहज मिळतं. ते हब फ्रेमला बोल्ट केलं की तयार शाफ्ट, तयार बेअरिंग, सगळं गाडीच्या वजनाला पुरलेलं. शेजारी दीड एचपीची सिंगल फेज मोटर बिजागरीवर टांगलेली, तिच्या शाफ्टवर ७५ मिलिमीटरचा रोलर. पायाने पेडल दाबलं की रोलर टायरला टेकतो आणि चाक फिरू लागतं. टायरचा व्यास साधारण ५०० मिलिमीटर, मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे मिनिटाला दोनशेच्या थोडे वर ठोके. सेकंदाला साडेतीनच्या आसपास. पेडल हलकं दाबलं तर रोलर थोडा घसरतो आणि ठोका मऊ पडतो, करकचून दाबलं तर पूर्ण जोर. व्ही-बेल्ट ढिला-घट्ट करूनही क्लच होतो, पण पायाला जे टायरमध्ये कळतं ते बेल्टमध्ये कळत नाही. टायरवर तेल मात्र उडू द्यायचं नाही.

चाक आणि रॅम यांच्या मधे पाटे. क्रँक, म्हणजे चाकाच्या फिरण्याचं वर-खाली हलणं करणारा भाग, सरळ लोखंडी दांड्याने रॅमला जोडला तर जाड तुकडा मधे येताच काहीतरी मोडणार. मोटर तरी, दांडा तरी. म्हणून मधे स्प्रिंग लागते. छोट्या टेम्पोचे दोन-तीन पाटे एकावर एक, मध्यावर टेकू, एक टोक क्रँककडे, दुसरं रॅमकडे. पाटा आधी वाकतो, मग सुटतो, त्यामुळे रॅम क्रँकच्या मापापेक्षा जास्त खाली येतो आणि चाबकासारखा येतो. यंत्र बंद असताना वरच्या-खालच्या दोन डायमध्ये फट दिसते ती याच कारणाने. नवे ग्राहक फोन करतात, "अहो, डाय टेकतच नाहीये!" टेकायला नकोच आहे.

पाट्याला वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही. जिथे वेल्डची आच लागते तिथे तो ठिसूळ होतो आणि तिथेच तुटतो. यू-बोल्टने आवळून धरायचा. तरीही पाटा कधीतरी तुटणारच हे धरून त्यावर जाड पत्र्याचं आवरण आम्ही देतो. त्याशिवाय यंत्र शेडबाहेर जात नाही, मग ग्राहक "जरा कमी करा, आवरण मी नंतर बसवीन" म्हणून कितीही गळ घालो.

रॅम ज्यांत वर-खाली सरकतो त्या मार्गिका हा दुसरा भाग जिथे आम्ही हात आखडत नाही. लोखंडावर लोखंड घासलं की तापलेल्या लोखंडावरून सुटणारी खपली आत जाते, ग्रीसबरोबर तिची पॉलिशपेस्ट होते आणि रॅम डुलायला लागतो. म्हणून गनमेटलच्या, म्हणजे कांस्याच्या जातीच्या धातूच्या, पट्ट्या आणि त्या मागून सरकवायला स्क्रू. झीज झाली की अर्धा फेरा आवळायचा. डाय सुरुवातीला ईएन ८ पोलादाची पुरते, रोज काम करणाऱ्याला त्याहून चिवट ईएन २४ ची देतो. ती पाचरीने बसते. नुसत्या बोल्टवर बसवलेली डाय ठोक्यांनी सुटते.

ब्रेकची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. सोलापूर रस्त्याला पाल टाकून बसलेल्या एका घिसाड्याकडून आम्ही सांडशा करून घेतो. विकतच्या सांडशांपेक्षा त्या कितीतरी बऱ्या. सांडशा पोचवायला तो आला तेव्हा काकांचं यंत्र शेडमध्ये चालवून बघत होतो. बराच वेळ बघून म्हणाला, "मालक, ह्यो ऐकतोय का?"

"म्हणजे कसं, दादा?"

"मी हातुडीनं जागा दावली की कारभारीण तिथंच घण टाकती. एक म्हनलं की एकच. ह्यो एकावर थांबतोय का?"

थांबत नव्हता. पेडल सोडल्यावर चाकाच्या ओघात दोन-तीन ठोके आणखी पडायचे. लांबवायच्या कामाला त्याने बिघडत नाही, पण छिन्नी धरून कापताना किंवा पंच मारताना तो जास्तीचा ठोका जॉब वाया घालवतो. उपाय हबमध्येच बसलेला होता. मारुतीच्या मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असतो आणि हँडब्रेकचा लिव्हर पण. तो लिव्हर स्प्रिंगने कायम ओढलेला ठेवला आणि पेडलला जोडला. पेडल दाबलं की ब्रेक सुटतो, सोडलं की लागतो. चाकाला रॅमच्या विरुद्ध बाजूला वजन लावलं म्हणजे रॅम वरच थांबतो. आता पायात सवय असेल तर एक ठोका मागता येतो. जागा मात्र त्याला दाखवता येत नाही. घण जागेवर येत असे, इथे लोखंड जागेवर न्यावं लागतं, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त वेळ हेच शिकायला लागतो.

यंत्र काकांच्या पन्नास हजारांत बसलं, आमची मजुरी धरून. नफा असा काही उरला नाही. पण काकांकडे सुऱ्या करणारी मंडळी येऊ लागली आणि तिथून आमच्याकडे. शिल्पकलेचे विद्यार्थी, दोन-तीन इंजिनिअर, जुन्नरकडचा एक शेतकरी ज्याला गावाचीच खुरपी-कोयते पाजवायची होती. पुण्याबाहेरून विचारणा आली तेव्हा गाडं अडलं. चारशे किलोचं यंत्र पॅक करून कोल्हापूरला किंवा नागपूरला पाठवायचं तर वाहतूक आणि क्रेनमध्येच स्वस्ताईचं मातेरं होतं. त्यातही निम्म्याहून अधिक वजन ऐरणीचं. पुण्याचं भंगार नागपूरला पाठवण्यात काय अर्थ? नागपुरात भंगार नाही का?

म्हणून आम्ही किट सुरू केलं. आजचा आमचा बहुतेक धंदा तोच. प्रोफाइल कटिंग केलेल्या फ्रेमच्या प्लेटा, मशीनिंग केलेला रॅम, गनमेटलच्या मार्गिका, डायची जोडी, रोलर, क्रँक प्लेट, आवरणं आणि आराखडा. ऐरण, चाक, पाटे, मोटर ग्राहकाने आपल्या गावात शोधायची. आम्ही हातगाडीवर मावेल एवढं पाठवतो. विक्री कमी होईल असं भावाला वाटत होतं. उलट झालं. ज्याला स्वतःच्या हाताने लोखंड घडवायचंय त्याला यंत्रही स्वतः जुळवायला आवडतं, आणि जुळवलेलं यंत्र बिघडलं तर तो आम्हाला फोन करण्याआधी स्वतः उघडतो.

काही गोष्टींना आम्ही नाही म्हणतो. सोसायटीच्या पार्किंगसाठी आणि वरच्या मजल्यासाठी यंत्र देत नाही. जमिनीवर, खाली कन्व्हेयर बेल्टचे रबरी तुकडे टाकून, भिंतीपासून लांब. आमच्या सूचनापत्रात 'दुपारी १ ते ४ यंत्र चालवू नये' अशी ओळ आहे. लोक ती वाचून हसतात, पण ती गंभीरपणे लिहिलेली आहे आणि तिच्यामुळे निदान दोन शेजार टिकलेत. चष्मा आणि कानाला मफ हवेतच. गॅल्व्हनाइज्ड पाइप भट्टीत घालायचा नाही, जस्ताचा धूर माणसाला आडवं करतो. दसरा जवळ आला की तलवारींची विचारणा येते. घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामाचं नसलेलं, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हत्यारांच्या कायद्यात येतं. ते तुम्ही परवाना काढून करा, आम्ही त्यात नाही.

सध्या बारा किलो रॅमचं लहान मॉडेल हातात आहे, एक एचपीचं, ज्यांना फक्त सुऱ्या करायच्यात त्यांच्यासाठी. ऐरण १२० किलोची, म्हणजे १५० मिलिमीटरचा राउंड जेमतेम ८७० मिलिमीटर. खंडेनवमीला हॅमर पूजेत मांडायचा म्हणून दर वर्षी शेवटच्या आठवड्यात फोन येतात. गनमेटलचं ओतकाम त्या दिवसांत रखडतं, तेव्हा गणपतीआधी कळवा. कळवताना तीन गोष्टी पाठवा: जिथे यंत्र बसणार त्या जमिनीचा फोटो, घरचं कनेक्शन किती किलोवॅटचं आहे ते, आणि तुमच्या भंगारवाल्याकडे कुठल्या व्यासाचा राउंड पडून आहे. तिसऱ्या उत्तरावरून उरलेल्या प्लेटांची मापं ठरतात, म्हणून तो राउंड आधी विकत घ्या, किटचे पैसे नंतर भरा.